नालबंदानं अड्डा विकला नव्हता

गफूरभाई गेल्याची बातमी मला एका रिक्षावाल्यानं दिली. डोळे दाखवायला म्हणून मुकुंदवाडीहून दवाखान्याकडं निघालो होतो. रिक्षावाला साठीच्या आसपासचा, मला ओळखणारा. स्टेशनच्या अलीकडं आल्यावर आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "बाबा, तुमचे ते नालबंद गेले की काल. आज दुपारच्या नमाजनंतर जनाजा आहे." मग पुन्हा तोच म्हणाला, "माणूस लई चांगला. पण टांगेवाल्यांचा अड्डा त्यांनीच विकला, असं आमचे वडील सांगायचे." मी त्याला रिक्षा वळवायला सांगितली. डोळे काय, नंतरही दाखवता आले असते…

ही मागच्या महिन्यातली गोष्ट. दफन झालं, तीन मुठी माती मीही टाकली. पंधरा दिवसांनी जुन्या टांगेवाल्यांच्या मुलांनी मिळून शोकसभा घेतली. मुलं म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली माणसं, कुणी रिक्षा चालवतो, कुणी कंपनीत आहे. त्यांच्यातला एकजण उभा राहून म्हणाला की गफूरचाचांच्या हातून एक मोठी चूक झाली, पण गेलेल्या माणसाचं आपण वाईट काढत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मला संघटनेचा जुना अध्यक्ष म्हणून बोलायला सांगितलं होतं. मी उठलो, घसा साफ केला, आणि गफूरभाईंनी खूर हातात घेतला की कसलंही खोडील जनावर गपगार व्हायचं, एवढं सांगून खाली बसलो. टाळ्या पण वाजल्या.

म्हणून हे लिहायला घेतलं आहे. मी तिसरी पास, चौथीत महिनाभर बसलेला माणूस. जन्मभर सहीपुरतंच लिहिलं. पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी ऱ्हस्व-दीर्घ नीट करावं, मजकूर आहे तसाच ठेवावा. गफूरभाईंनी अड्डा विकला नाही. अड्ड्यावरच्या माणसांत हे माहीत असलेला आता मी एकटा उरलो आहे. मी न बोलता गेलो तर हे खोटं त्यांच्या नावाला कायमचं चिकटून राहील.

गफूरभाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील निजामाच्या काळात घोडदळाच्या तबेल्यात नालबंद होते. पोलीस ॲक्शन झालं, तबेले रिकामे झाले, आणि बापलेकांनी स्टेशनच्या रस्त्याला एका लिंबाखाली भाता आणि ऐरण मांडली. गफूरभाई उर्दूत सातवीपर्यंत शिकलेले. हुशार होते, मास्तर म्हणायचे हा पोरगा कचेरीत कारकून होणार. पण हळूहळू कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला आणि त्यांची सातवी कुठं चालेना. दुसरा असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. गफूरभाई नाल ठोकून झाले की कोर्टाच्या बाहेर जो अर्ज लिहिणारा बसायचा त्याच्याजवळ जाऊन बसायचे आणि त्याच्या खांद्यावरून बघत बघत मराठी शिकले. त्यामुळं त्यांचं मराठी बोलणं आमच्यासारखं, मधूनमधून दखनी, आणि लिहिणं मात्र थेट सरकारी. "सदरहू" आणि "सबब" हे शब्द मी पहिल्यांदा एका नालबंदाच्या तोंडून ऐकले.

आमची ओळख भांडणातून झाली. आमची शेती शेंद्र्याला, पण तीन भावांत ती पुरेना म्हणून वडिलांनी मुकुंदवाडीला येऊन टांगा घेतला. वडील थकले आणि टांगा माझ्या हातात आला. मला तेव्हा वाटायचं की आपल्याला सगळं येतं. घोडीचा एक नाल सैल झाला, तो मी घरीच ठोकला. तिसऱ्या दिवशी घोडी लंगडायला लागली. गफूरभाईंनी पाय उचलून बघितला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "मी. घोडी माझी आहे." ते खिळा उपसत शांतपणे म्हणाले, "घोडी तुझी, पण खूर माझा. पुन्हा हात लावलास तर दोघांना मिळून नाल ठोकीन." आजूबाजूचे हसले. मला राग आला आणि तो बरेच दिवस टिकला, पण घोडी चालायला लागली तेव्हा मला दुसरीकडं कुठं जावंसं वाटलं नाही.

त्या काळात स्टेशनासमोर शंभराच्या वर टांगे उभे राहायचे. सकाळच्या गाडीला तर रांग पार वळणापर्यंत जायची. आम्ही संघटना काढली. मी अध्यक्ष झालो, कारण माझा आवाज मोठा होता. गफूरभाई टांगेवाले नव्हते, तरी सगळ्यांनी त्यांनाच चिटणीस केलं, कारण प्रत्येकाचा घोडा त्यांच्याकडं यायचा आणि लिहिता-वाचता येणारे तेच. तिसरे काशिनाथबाबा. म्हातारा देवमाणूस होता, जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं मान हलवायचा. एवढीच आमची कमिटी.

संघटनेचा पहिला विजय पाण्याच्या हौदाचा. स्टेशनाजवळ घोड्यांसाठी दगडी हौद होता, त्याचं पाणी एका उन्हाळ्यात बंद झालं. मी म्हणालो मोर्चा काढू. गफूरभाई म्हणाले, थांब, आधी पाणी कोण बंद करतो ते तर कळू दे. चार दिवस ते नुसते कचेरीत जाऊन बसत होते. कुणाशी भांडले नाहीत, काही मागितलं नाही. परत आले ते एक गोष्ट माहीत करून घेऊन. हौदाचा कागद ज्या साहेबांच्या टेबलावर होता त्यांच्या बंगल्यापासून जवळच एक सार्वजनिक नळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचे टांगे तिथं पाण्याला जायला लागले. एका वेळी दोनच टांगे. आवाज नाही, घोषणा नाही, नळावरच्या बायामाणसांना आधी भरू द्यायचं, कुणी विचारलं तर रामराम घालून सांगायचं की हौदाला पाणी आलं की येणार नाही. लीद मात्र घोडे जिथं टाकायची तिथंच टाकत होते. आठवडा व्हायच्या आत हौद भरला. गफूरभाईंनी त्यावर एक आभाराचं पत्र पण लिहून दिलं. मी विचारलं, आभार कशाला? तर म्हणाले, "अरे किसन, पुढच्या वेळी त्याच साहेबाकडं जायचंय ना. आपण जिंकलो हे त्याला कळू द्यायचं नाही."

मला ते पटलं नव्हतं. जिंकल्यावर वाजवायला पाहिजे असं माझं मत होतं, अजूनही थोडंफार आहे.

मग रिक्षा आल्या. सुरुवातीला थोड्या होत्या, आम्ही त्यांना हसायचो. पण त्यांचीही संघटना झाली आणि त्यांनी एकच मागणी धरली, स्टेशनासमोरची जागा. आमच्या अर्जात अकरा मागण्या असायच्या. हौद, सावली, दिवाबत्ती, घोड्यांची दाणा-चंदी, पोलिसांचा त्रास, काय काय. गफूरभाई सांगून थकले की सरकारला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते, बाकीची खाली ठेवा. पण मी एकही मागणी काढू दिली नाही. प्रत्येक मागणीमागं कुणीतरी टांगेवाला होता आणि कुणाला नाराज केलं तर माझी अध्यक्षकी जाईल, हे मी उघड बोललो नसलो तरी मनात होतं. एक दिवस परवान्याच्या कचेरीतून कागद आला. स्टेशनासमोरची जागा रिकामी करायचा विचार आहे, हरकती असतील तर कळवाव्यात.

गफूरभाईंनी त्या दिवशी माझा परवाना मागून घेतला. मी म्हणालो, रोज बघता तोच आहे. त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम छापलेले होते. इतकी वर्षं तो कागद आमच्या सगळ्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत पडून होता आणि आमच्यापैकी एकानंही तो उलटून बघितला नव्हता. त्यात एक ओळ होती की जेवढ्या टांग्यांचा परवाना चालू असेल तेवढ्यांना उभं राहायला सोयीची जागा नेमून देणं कचेरीवर बंधनकारक आहे. गफूरभाईंनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. म्हणाले, आपल्याला दुसरं काही करायचं नाही. रोज अड्ड्यावर यायचं, परवान्याच्या नंबरचा पितळी बिल्ला घासूनपुसून दंडाला बांधायचा, आणि कचेरीला एकच ओळ लिहायची: आमचे परवाने चालू आहेत, स्टेशनाच्या गाड्यांना सोयीची दुसरी जागा कोणती ते लेखी कळवा. तशी जागा कचेरीकडं नव्हती. गफूरभाई स्वतः फिरून बघून आले होते. दंडाला बिल्ला आहे तोवर आपल्याला उठवणं अवघड आहे, एवढं त्यांचं म्हणणं.

आणि मला नेमकं उलटं सुचलं होतं.

इथं टांगेवाल्यांची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर माझं डोकं तसं का चाललं ते कळणार नाही. एखादा बडा पॅसेंजर वाटेत फार बोलायला लागला, हळू का हाकतोस, या रस्त्यानं का आणलंस, तर टांगेवाला भांडायचा नाही. टांगा बाजूला घ्यायचा आणि चाबूक त्याच्यासमोर धरायचा. घ्या, तुम्हीच हाका. पॅसेंजर शरमायचा. त्याला हाकता येत नसायचं, रस्त्यावरची माणसं बघत असायची. मग तोच म्हणायचा, चल बाबा, चल. आम्ही सगळे हे करायचो आणि अड्ड्यावर येऊन रंगवून सांगायचो. माझ्या वडिलांनी तर एका जमीनदारासमोर चाबूक धरला होता आणि त्यानं उतरून हात जोडले होते, अशी गोष्ट आमच्या घरात होती. मला वाटलं, हेच सरकारला करायचं. सगळ्यांचे बिल्ले गोळा करायचे आणि साहेबाच्या टेबलावर ओतायचे. घ्या तुमचे बिल्ले, चालवा तुमचं शहर. सकाळच्या गाडीला एकही टांगा नसला म्हणजे साहेब पळत येईल.

दुपारची वेळ होती. आम्ही तिघं गफूरभाईंच्या दुकानात, लिंबाखाली. ते ठराव लिहायला वही घेऊन बसलेले. माझं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किसन, पॅसेंजर आपल्या टांग्यात बसलेला असतो, म्हणून शरमतो," ते म्हणाले. "सरकार आपल्या टांग्यात बसलेलं नाय. ते रिक्षात बसायला निघालंय. त्याच्या हातात चाबूक दिला तर ते ठेवून घेईल."

मी म्हणालो की ही बायकांसारखं अर्ज लिहीत बसायची वेळ नाही. ते म्हणाले, बिल्ला देऊ नको, बाकी तू म्हणशील ते करतो, मोर्चाला पण येतो. "बिल्ला नक्को रे. दिलेली चीज सरकारकडनं परत मागायला जन्म जातो." काशिनाथबाबांनी मान हलवली. आता बाबा पण तिकडं चालले असं बघून माझ्या तोंडून जे निघालं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं.

"तुमच्या दंडाला कुठं बिल्ला आहे? तुम्हाला काय त्याचं?"

भात्याचा आवाज थांबला होता, त्यामुळं ते जरा जास्तच मोठ्यानं ऐकू आलं. दुकानात बांधलेला घोडा तेवढा पाय आपटत होता. गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग वगैरे नव्हता. मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "ठीक आहे. कमिटीचा ठराव म्हणून लिहितो." बाबांनी आता माझ्या बाजूनं मान हलवली. गफूरभाई खाली मान घालून, वही नेहमी ठेवायचे तशी, उर्दूत लिहीत बसले. त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मला उर्दू येत नव्हतं आणि मला घाई होती.

बिल्ले मीच गोळा केले. कमिटीनं ठरवलंय, एवढंच सगळ्यांना सांगितलं. काहींनी काढून देताना बिल्ल्याला हात लावून तो हात छातीला लावला. घोड्याला चंदी चारायच्या एका तोबऱ्यात ते सगळे भरले, आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच जणांना बरोबर घेऊन मी साहेबांच्या टेबलावर तोबरा उलटा केला. काय आवाज झाला… सगळी कचेरी उठून बघायला आली. मी ठरवून ठेवलेलं वाक्य बोललो. साहेब रागावतील, ओरडतील, मग मी आणखी बोलेन, असं सगळं मनात मांडून गेलो होतो. साहेब रागावलेच नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, कारकुनाला बोलावलं, आणि बिल्ले मोजून घ्यायला सांगितले. कारकून एकेक नंबर वाचत होता, दुसरा उतरवून घेत होता. त्याला बराच वेळ लागला, आणि आम्ही उभे होतो. शेवटी साहेबांनी सही करून एक कागद माझ्या हातात दिला आणि "बसा, चहा घ्या," म्हणाले. मी चहा नाकारला. बाहेर येईपर्यंत मला वाटत होतं की नाकारून आपण फार मोठं काम केलं.

गफूरभाई पायऱ्यांशी उभे होते. आले होते, पण वर आले नव्हते. त्यांनी कागद मागितला, वाचला, आणि पायरीवरच बसले. त्यावर लिहिलं होतं की खालील नंबरच्या परवानाधारकांनी आपले परवाने स्वखुशीनं परत केले आहेत.

तिसऱ्या दिवसापासून बिनबिल्ल्याचा टांगा दिसला की पोलीस अडवायला लागले. अडवणारे पण ओळखीचे होते, त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियम त्यांच्या बाजूनं होता. सकाळच्या गाडीची माणसं पहिल्या दिवशी पायी गेली, दुसऱ्या दिवशी कुरकुरली, आणि आठवडाभरात त्यांना रिक्षाची सवय झाली. घोडे दाराशी बांधून होते. कामाचा घोडा दाराशी उभा राहिला की घरात माणसं एकमेकांशी नीट बोलत नाहीत, हे मी तेव्हा बघितलं. साहेब पळत काही आले नाहीत.

त्या दिवसांत मी काय केलं? भाषणं केली. गफूरभाईंनी काय केलं ते मी तेव्हा बघितलं नाही. ते सकाळी ऐरणीवर कापड टाकून कचेरीत जायचे आणि टेबलं बंद झाल्यावर परत यायचे. दुपारच्या डब्यातली भाकरी कारकुनाबरोबर वाटून खायचे. दोनेक महिने असं चाललं. शेवटी बिल्ले परत द्यायला कचेरी तयार झाली, पण परवाना नवा धरायचा आणि जागा मालधक्क्याच्या मागची. तिथून स्टेशनाचं दार दिसतसुद्धा नव्हतं. पॅसेंजरनं पार वळसा घालून यावं तेव्हा त्याला टांगा सापडायचा.

सगळ्यांना बोलावून गफूरभाईंनी हे सांगितलं. माणसं भडकली. बिल्ले परत करायचं खूळ कुणाच्या डोक्यात आलं होतं, असं कुणीतरी ओरडून विचारलं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण माझ्या आधी ते बोलले. "माझ्या." दुसऱ्यानं विचारलं, मालधक्क्यामागची जागा कुणी कबूल केली? "मीच." मग मागून आवाज आला, नालबंदानं अड्डा विकला. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि मी पण बोललो नाही. मनात म्हणालो, यांचं काय जाणार आहे, यांच्या दंडाला बिल्ला थोडाच आहे… माझा बिल्ला मी खिशात घालून घरी आलो.

त्यांचं काय गेलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. एका सरकारी तबेल्यातल्या घोड्यांचं नालबंदीचं काम त्यांच्याकडं असायचं, वडिलांच्या वेळेपासूनचं. ते घोडे दुसऱ्या नालबंदाकडं जाताना मी एकदा बघितले. विचारलं तर म्हणाले, "वो लोग भी क्या करते. सरकारच्या विरुद्ध चिथावणी देणारा माणूस सरकारी घोड्याला कसा हात लावणार?" आणि हसले. मी विषय बदलला.

त्यानंतर इतकी वर्षं आम्ही एकत्र चहा घेतला, ईदला मी त्यांच्याकडं, दिवाळीला ते माझ्याकडं. त्या गोष्टीवर एक शब्द झाला नाही. टांगे मालधक्क्यामागं काही वर्षं रेंगाळले आणि संपले. पुढं ते संपणारच होते, रिक्षा आल्यावर आणखी किती टिकले असते, असं मला शिकलेली माणसं सांगतात. असेल. पण संपणं वेगळं आणि आपल्या हातानं टेबलावर ओतून येणं वेगळं.

एकदाच त्यांनी त्या विषयाजवळून बोलल्यासारखं केलं. शेंद्र्याला कारखान्यांसाठी जमिनी घ्यायचं निघालं तेव्हा माझ्या भावांनी गावात कमिटी केली आणि मला सल्ला विचारला. मी तसाच उठून गफूरभाईंकडं गेलो. त्यांनी विचारलं, किती मागण्या आहेत? मी म्हणालो, सतरा. ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, गाव कशावाचून राहूच शकणार नाही ते एक विचारून ये. गावात दोन दिवस भांडणं झाली, पण शेवटी एकच निघालं, स्मशानाकडं जाणारी वाट. तेवढी एक धरून गाव बसलं. सातबारे कुणी कुणाच्या टेबलावर टाकले नाहीत, मी टाकू दिले नाहीत. ती वाट आजही आहे. भावाला मागच्या साली त्याच वाटेनं नेलं.

शोकसभेतून आल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गफूरभाईंच्या मुलीकडं गेलो. रेहाना उर्दू शाळेत शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. वडिलांची खोली तिनं तशीच ठेवली आहे. खाट, भिंतीत दोन फळ्या, फळ्यांवर सालवार बांधलेले अर्ज. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगून टाकलं. बिल्ले माझ्या डोक्यातून निघाले होते, तुझ्या अब्बांनी मला अडवलं होतं. ती ऐकून घेत होती. म्हणाली, "चाचा, बसा तर. घरात आम्हाला ठाऊक आहे ते. अम्मी तर तुमचं नाव निघालं की चहात साखर कमी टाकायची." मग फळीवरून तिनं एक जुनी वही काढली. संघटनेची ठरावाची वही. त्यात परवान्याच्या कचेरीचं एक मराठीतलं पत्र घडी करून ठेवलेलं होतं.

आधी तिनं ठराव वाचला. उर्दू वाचायची आणि मला मराठीत सांगायची. बिल्ले परत करावेत असा ठराव अब्दुल गफूर नालबंद, चिटणीस, यांनी मांडला. काशिनाथबाबांनी पाठिंबा दिला. अध्यक्ष किसन यांनी ठरावाला विरोध केला. विरोध नोंदवून ठराव पास.

मी म्हणालो, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. मग ते पत्र माझ्यापुढं धरलं. ते मराठी असल्यामुळं मला माझं मलाच वाचावं लागलं. परवाने परत देण्यास हरकत नाही, मात्र बिल्ले परत करण्याचा ठराव ज्यानं मांडला असेल त्यास परवाना देता येणार नाही, सबब सदरहू ठरावाची नक्कल सादर करावी.

माझा बिल्ला साहेबांनी परत दिला तो मला वचकून, असं मी इतकी वर्षं समजत आलो. घरात, गावात, नातवंडांना तसंच सांगितलं. साहेबांना माझी भीती वाटली होती, म्हणून अध्यक्षाला हात लावायची छाती झाली नाही… आणि गफूरभाई तर पत्र यायच्या कितीतरी आधी, त्या दुपारी, मी समोर तावातावानं बोलत असताना, खाली मान घालून हे लिहून मोकळे झाले होते. ज्याच्या दंडाला बिल्ला नाही त्याचा बिल्ला काढून घेता येत नाही, एवढा सरळ हिशेब त्यांनी केला असणार. तो मीच त्यांना सांगितला होता.

मी रेहानाला म्हणालो, हे खोडून नीट लिही. ती म्हणाली, "अब्बांचं अक्षर आहे, मी खोडणार नाही. खाली जागा आहे, तुम्ही लिहा." तिनं वही माझ्यापुढं ठेवली आणि स्वतःचं पेन दिलं. त्यांच्या उजवीकडून आलेल्या ओळी संपतात तिथं खाली मी डावीकडून सुरू केलं. डोळ्यांचं वर सांगितलंच आहे. दोन ओळींना बराच वेळ लागला. हा ठराव मी मांडला होता. गफूरभाई नालबंद यांनी विरोध केला होता. खाली सही केली, पूर्ण नावाची.

रेहानानं वाचून बघितलं. शाळेत शिकवलेली बाई, तिचं लक्ष गेलंच. म्हणाली, "चाचा, तारीख राहिली. त्या दिवसाची टाकू?"

मी म्हणालो, "नको, आजचीच टाक. उशीर झालाय तो दिसू दे."